अहमदाबाद अहमदाबाद नावाचा पक्षी

आजचा भाग एका पितळी वाटीपासून सुरू होतो.

मी दुसरीत असताना आजोबा गावच्या जत्रेतून एक पिंजरा घेऊन आले. आत चार चिमण्या. एक हिरवीगार, एक गुलाबी, एक पिवळी आणि एक चक्क जांभळी. विकणाऱ्याने सांगितलं होतं की या सिंगापूरच्या आहेत. आजीला तेव्हाच शंका आली. "सिंगापूरहून आल्या आणि वीस रुपयांना जोडी? यष्टीचं तिकीट तरी निघालं का त्यात?" पण आणल्या होत्या, म्हणून राहिल्या. ओसरीवर खुंटीला पिंजरा, खायला राळ्याचे दाणे.

तिसऱ्या दिवशी ऊन चढलं तसं आजीने पिंजऱ्यात पितळी वाटीत पाणी ठेवलं. चौघी जणी लगेच त्यात उतरल्या आणि पंख फडफडवून आंघोळ करायला लागल्या. पाणी आधी गुलाबी झालं, मग हिरवट, मग चिखलासारखं. संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यात चार सारख्या मातकट चिमण्या होत्या. मी रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही. महिन्याभरात दोघी मेल्या. उरलेल्या दोघींच्या पिंजऱ्याचं दार आजीने एका सकाळी उघडं ठेवलं आणि ती आत चहा करायला निघून गेली.

त्या चौघी नक्की कोण होत्या, हे कळायला मला वीस वर्षं लागली. त्या शोधात मला एक तीनशे-साडेतीनशे वर्षांची गोष्ट सापडली. आजचा भाग त्या गोष्टीचा आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत 'फिंच' म्हणून एक शब्द आहे. मराठीत त्याला एक शब्द नाही, आणि माझ्या मते ते बरंच आहे. कारण फिंच हा शब्द म्हणजे एक पोतं आहे. दाणे खाणारा, जाड तिकोनी चोचीचा कुठलाही चिमुकला पक्षी दिसला की युरोपियन माणसाने त्याला त्या पोत्यात टाकलं. आज ते पोतं उघडलं तर आत निदान तीन वेगवेगळी कुळं निघतात. खरे फिंच वेगळे. आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी रोझफिंच ही त्यातली. सह्याद्रीत कारवी फुलते तेव्हा ती कारवीवर दिसते. गॅलापागोसचे जगप्रसिद्ध डार्विन फिंच हे मुळात फिंच नाहीतच, ते अमेरिकेतल्या टॅनेजर नावाच्या पक्ष्यांचे भाऊबंद. आणि तिसरं कूळ म्हणजे आपल्या मुनिया. जुन्या मराठी पुस्तकांत यांनाच मनोली म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त आवडतो. पण तुम्ही शोधायला गेलात तर मुनिया याच नावाने जास्त सापडतील, म्हणून आज मुनियाच म्हणू.

या मुनियांपैकी सगळ्यात देखणी लाल मुनिया. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, वजन दहा ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे दोन चमचे साखर. पावसाळ्यात नर असा काही लाल होतो की हिरव्या गवतात कोणी गुंज फेकलीय असं वाटतं, आणि त्या लालवर पांढरे ठिपके. हिचं शास्त्रीय नाव आहे अमांडावा अमांडावा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते एखाद्या आफ्रिकन गाण्याच्या ध्रुवपदासारखं वाटलं. प्रत्यक्षात ते एका शहराचं नाव आहे. अहमदाबाद. म्हणजे या पक्ष्याचं जगभरातलं अधिकृत नाव आहे 'अहमदाबाद अहमदाबाद'.

आता हे झालं कसं?

जॉन फ्रायर हे नाव शिवकाळ वाचणाऱ्यांना ओळखीचं असेल. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला, मुंबई-सुरतेला राहिला, आणि १६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून तिथे जाऊनही आला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या इंग्रज वकिलाचा वृत्तांतही त्याच्या पुस्तकात आहे. हे पुस्तक छापलं गेलं १६९८ मध्ये. त्यात सुरतेबद्दल लिहिताना हा गडी मधेच पक्ष्यांकडे वळतो. अहमदाबादेहून बारके पक्षी येतात, अंगावर गोवराच्या पुरळाएवढे पांढरे-तांबडे ठिपके असतात, एकेका पिंजऱ्यात पन्नास-पन्नास असतात, आणि एकाने सूर लावला की बाकीचे साथ धरतात, अशा अर्थाचं तो लिहितो. डॉक्टर माणूस, त्याला ठिपके बघून गोवरच आठवला.

यातला 'पन्नास' हा आकडा मला वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. एका पिंजऱ्यात पन्नास. फ्रायरने हा पक्षी गवतात पाहिलेला नाही. त्याने तो बाजारात पाहिला. त्याच्या दृष्टीने हा अहमदाबादचा माल, जसं कापड अहमदाबादचं, तसा पक्षीही. खरं तर लाल मुनिया सिंधपासून पार ब्रह्मदेश आणि जावापर्यंत आढळते. अहमदाबादशी तिचं काही खास नातं नाही. तिथे फक्त ती गोळा व्हायची आणि तिथून पुढे जायची. आपल्याकडे हापूस म्हणजे देवगड, तसं.

आणि हा माल इंग्लंडला पोचत होता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्महिने चालणारा प्रवास, तळघरात ओल, वर खारा वारा, आणि त्यात हा दहा ग्रॅमचा जीव. तो जगायचा कसा? उत्तर त्याच्या चोचीत आहे. किडे खाणारा पक्षी, समजा दयाळ किंवा नाचण, या प्रवासात आठवडाभरही टिकला नसता, कारण जहाजावर ताजे किडे कोण पुरवणार? मुनियेला वाळकं धान्य चालतं. त्यात हिला थव्यात राहायची सवय. रात्री एकमेकींना खेटून, फांदीवर ओळीने बसून झोपतात, एकमेकींची पिसं साफ करतात. म्हणजे पन्नास जणी एका पिंजऱ्यात कोंबल्या तरी मारामाऱ्या करून मरत नाहीत. थव्यातल्या कोणी हाक दिली की बाकीच्या ओ देतात, म्हणून पकडणंही सोपं. एका मुनियेला पिंजऱ्यात घालून गवतात ठेवायचं, तिची हाक ऐकून जंगली थवा खाली उतरतो, आणि जाळं पडतं. गवताळ रानात जगायला ज्या सवयी कामाच्या, त्याच सवयींनी तिला बाजारात नेऊन बसवलं.

१७७७ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर रिचर्ड शेरिडनचं 'द स्कूल फॉर स्कँडल' हे नाटक आलं. त्यात हिंदुस्थानात पैसा कमावलेल्या काकाने काय काय पाठवलं, असा विषय निघतो. पुतण्या कद्रूपणे सांगतो, कुठलं काय, चिनी मातीची भांडी, शाली, चहा, फटाके असलं किरकोळ, आणि त्या यादीत 'अॅव्हडव्हॅट' म्हणजे आपल्या लाल मुनियाही आहेत. नाटकातला शब्द प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नाही, याचा अर्थ तोवर लंडनच्या माणसाला तो माहीत होता. चहा, शाल आणि मुनिया एका ओळीत! मुंबईतही तेच. जेम्स फोर्ब्स हा कंपनीचा नोकर १७६६ मध्ये मुंबईत आला होता. १८१३ मध्ये छापलेल्या आठवणींत तो लिहितो की मुंबईत हे पक्षी सुरतेहून आणि इतर मुलखांतून आणले जातात. म्हणजे मुंबईकरांनाही हा पक्षी बाहेरून येणारा वाटत होता. आसपासच्या गवतात तो असेलही, पण तिकडे बघतंय कोण.

मग येतो स्वीडनचा कार्ल लिनियस. १७५८ मध्ये त्याच्या 'सिस्टेमा नॅचुरे'ची दहावी आवृत्ती निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आजचा सगळा कारभार त्या आवृत्तीपासून मोजला जातो. लिनियस हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याच्यापर्यंत आलं ते बाजारातलं बिघडलेलं नाव, आणि त्याने तेच लॅटिन करून चिकटवलं: फ्रिंजिला अमांडावा. फ्रिंजिला म्हणजे ते मघाचं फिंचचं पोतं. पुढे १८३६ मध्ये एडवर्ड ब्लाइथने हिला पोत्यातून काढून वेगळी प्रजाती केली आणि त्या प्रजातीलाही नाव दिलं अमांडावा. ब्लाइथ नंतर कलकत्त्याच्या संग्रहालयात आला, पण १८३६ मध्ये तोही इंग्लंडातच होता. दोघांनी दोन वेळा एकच शहर लिहून ठेवलं.

माझ्या कामात असं रोज दिसतं. कोणीतरी दहा वर्षांपूर्वी घाईत एखाद्या व्हेरिएबलला 'टेम्प टू' नाव दिलेलं असतं. तो माणूस कंपनी सोडून गेला, ते तात्पुरतं कामही संपलं, पण नाव बदलायला कोणी धजत नाही, कारण त्यावर आता शंभर गोष्टी उभ्या आहेत. शास्त्रीय नावांचा नियमही तसाच आहे: आधी दिलेलं नाव चुकीच्या समजुतीतून आलं असलं तरी तेच चालवायचं. मी याची चेष्टा करायचो. आता करत नाही. नाव बदललं असतं तर ही व्यापाराची खूण पुसली गेली असती.

इतर देशांनीही आपापल्या दुकानातून पाहून नावं ठेवली. फ्रेंचांना हा पक्षी 'बंगाली' वाटला, म्हणून त्यांच्याकडे तो 'लाल बंगाली'. जर्मनांना ठिपक्यांत वाघ दिसला, 'टिगरफिंक' म्हणजे वाघ-फिंच. दहा ग्रॅमचा वाघ! आणि हिची सख्खी बहीण, फक्त भारतात सापडणारी हिरवी मुनिया, तिला १७९० मध्ये जॉन लेथम या इंग्रज डॉक्टरने नाव दिलं 'फॉर्मोसा', म्हणजे सुंदर. तोही इकडे आला नव्हता. पाठ पोपटी-हिरवी, पोट लिंबासारखं पिवळं, कुशीवर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या, चोच लाल. सुंदर तर ती आहेच. पण तिचं पूर्ण नाव 'सुंदर अहमदाबाद' होतं हे वाचून मी ऑफिसमध्ये एकटाच हसलो होतो.

सगळं खापर गोऱ्यांच्या डोक्यावर फोडायचं कारण नाही. लखनौच्या नवाबी काळाबद्दल अब्दुल हलीम शररने जे लिहून ठेवलंय, त्यात कोंबडे, तितर, बटेर यांच्या झुंजींबरोबर 'लाल' लढवण्याचाही उल्लेख येतो. लाल म्हणजे हीच. शौक आपलाही होता, पिंजरा आपलाही होता.

तर मुद्दा असा, की जवळपास दोनशे वर्षं या पक्ष्याबद्दल जगाला जे माहीत होतं ते पिंजऱ्यातून दिसणारं होतं. रंग, ठिपके, आवाज, किंमत. तो घरटं कुठे बांधतो, उन्हाळ्यात कसा दिसतो, हे विचारायची कोणाला गरजच नव्हती. एकोणिसाव्या शतकात संग्रहालयं आली तरी फार फरक पडला नाही. पक्षी मारायचा, कातडं भरायचं, पायाला चिठ्ठी बांधायची, खणात ठेवायचं. १८९० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरचा जो अधिकृत खंड निघाला, त्यात मुनिया सुगरणीच्या कुळात टाकलेल्या आहेत. आज दोघींची कुळं वेगळी मानतात.

खणातल्या कातड्यांपासून झाडाखाली बसून बघण्यापर्यंतचा प्रवास आपल्या महाराष्ट्रात एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतो. सालिम अलींची चिमणीची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. १९०८ च्या सुमाराची. एअरगनने मारलेली एक चिमणी, गळ्याला पिवळा डाग. ही कोणती, म्हणून पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत जातो आणि तिथले सचिव मिलर्ड त्याला खणामागून खण उघडून दाखवतात. ही गोष्ट इथेच थांबवली जाते. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९३० मध्ये सालिम अली जर्मनीहून शिकून परत आले, नोकरी नव्हती, आणि ते अलिबागजवळ किहीमला राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. मग काय, शिडीवर आडोसा करून हा माणूस तासन्तास तिथे बसला. आणि त्याला दिसलं की नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडलं तर आत राहते, आणि तिने अंडी घातली की नर शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ मध्ये हे छापलं गेलं. सुगरण हा काही दुर्मीळ पक्षी नाही. शेकडो वर्षं विहिरीवरच्या फांद्यांना ती घरटी लटकत होती. भरलेलं कातडं कितीही निरखलं असतं तरी हे कळलं नसतं.

मुनियांच्या बाबतीत तर ओळखच वर्षभर बघितल्याशिवाय होत नाही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, माती खाऊन शिकलो. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात भिगवणला गेलो होतो. उजनीच्या पाण्याच्या कडेला पाणकणीस आणि ऊस, आणि त्यात लाल मुनियांचे नर, एकेक कणसावर बसून शीळ घालत होते. फोटो काढले, स्टेटसला टाकले, स्वतःवर खूश. पुढच्या मे महिन्यात मित्राला मोठ्या ऐटीत तिथेच घेऊन गेलो. एकही लाल पक्षी नाही. नुसत्या मातकट चिमण्यांचा थवा. मी त्याला म्हणालो, "गेल्या वाटतं सगळ्या." त्या गेल्या नव्हत्या. मी त्यांच्याचकडे बघत होतो.

लाल मुनियेचा नर विणीचा हंगाम संपला की लाल कपडे उतरवून ठेवतो आणि मादीसारखा तपकिरी होतो. मुनियांच्या सबंध कुळात असं ऋतूप्रमाणे रूप बदलणं फार क्वचित. चोचही बदलते: उन्हाळ्यात काळपट पडते, पावसाळ्याच्या आधीपासून पुन्हा तांबडी व्हायला लागते. दिवसाची लांबी आणि हे रंगचक्र यांचा संबंध बनारसच्या अभ्यासकांनी १९६० च्या दशकात तपासला होता. मग मे महिन्यात ओळखायचं कसं? उडताना बघा. शेपटीच्या बुडाशी, कमरेवर, लालसर डाग नर-मादी दोघांनाही असतो आणि तो बारा महिने जात नाही. पंखांवर बारीक पांढरे ठिपके राहतात. एवढं दिसलं की झालं. फक्त पिल्लं फसवतात: त्यांना कमरेवर लाल नसतो, चोच काळी, पंखांवर दोन फिकट रेघा. पण पिल्लू एकटं नसतं, आईबाप आसपास असतात.

वीण आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर, म्हणजे गवत उंच होऊन दाणा धरतो तेव्हा. घरटं गवताच्या पात्यांचं गोल गोळ्यासारखं, जमिनीपासून फार उंच नाही, झुडपात किंवा गवतातच. आत पाच-सहा पांढरी अंडी. नर-मादी दोघंही उबवतात. मादीही गाते, तिचं गाणं थोडं आखूड. आणि दाणे खाणारी म्हणून जिची ख्याती, ती वाळवी निघाली की वाळवीही खाते. हे सगळं जिथे घडतं त्या जागेला सरकारी कागदात बहुतेक वेळा पडीक जमीन म्हणतात. झाड नाही, म्हणजे काही नाही. ही इंग्रजी महसूल खात्याची सवय आपण इमानाने जपली.

व्यापाराचं पुढे काय झालं? १९७०-८० च्या दशकांपर्यंत भारत जिवंत पक्ष्यांच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक होता. १९९०-९१ मध्ये देशी जंगली पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. पण त्या दशकात ट्रॅफिक-इंडियासाठी अब्रार अहमद यांनी देशभरातले पक्षीबाजार पालथे घातले, तेव्हा सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या पक्ष्यांत मुनिया होत्याच, आणि साध्या मुनियांना रंग देऊन परदेशी म्हणून विकायची पद्धतही त्यांनी नोंदवली. म्हणजे आजोबांनी पिंजरा आणला तेव्हा तो व्यवहार बेकायदा होऊन चांगली दहा-पंधरा वर्षं झाली होती. जत्रेत पोलीसही होते, बाजूच्या पाळण्यात बसले होते.

या सगळ्याची खरी किंमत हिरव्या मुनियेने मोजली. लाल मुनिया पसरलेली आहे, विणही भरपूर, ती तगली. उलट पिंजऱ्यातून निसटून तिने स्पेनमध्ये बस्तान बसवलंय, १९७० च्या दशकापासून ती तिथे मोकळ्यावर राहते. फिजीतही आहे. हिरवी मुनिया मात्र फक्त मध्य आणि पश्चिम भारतातली, आधीच विरळ, तुकड्यातुकड्यांत. रंग सुंदर म्हणून पकडली गेली, आणि आज ती संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत आहे. महाराष्ट्रातही तिच्या नोंदी आहेत, पण खात्रीने बघायची तर लोक माउंट अबूच्या अभयारण्याकडे जातात. अबू आणि अहमदाबाद यांत अंतर फार तर सव्वादोनशे किलोमीटर. त्या खोट्या नावाच्या सगळ्यात जवळ जर कोणी राहत असेल तर ही 'सुंदर अहमदाबाद'. मी अजून पाहिलेली नाही. नाही दिसली तरी तिच्यासाठी घरट्याजवळ जाऊन आवाज वाजवणार नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय; मोबाईलमध्ये आवाज असला की बोट शिवशिवतं.

आता माझ्या चौघींकडे येतो.

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये चिंकारा हरणांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, राज्यातल्या अगदी छोट्या अभयारण्यांपैकी एक. फेब्रुवारीतली सकाळ होती. वाळलेल्या गवतातून एक बारका थवा उठला, हेलकावे घेत उडाला आणि बाभळीवर बसला. बाभळीला सुगरणीची जुनी, सोडलेली घरटी लटकत होती. त्यातली एक चिमणी सरळ त्या घरट्यात शिरली. मग दुसरी. मातकट पाठ, पांढरट पोट, जाड करडी चांदीसारखी चोच, आणि लांब, टोकदार, काळीभोर शेपटी.

मी मर्लिन उघडलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल ते अॅप. ते आधी विचारतं कुठे आहात, मग तारीख, मग पक्ष्याचा आकार, रंग, आणि मग, तो काय करत होता. रंगाच्या आधी जागा आणि महिना! फ्रायरला आणि लिनियसला हे प्रश्न कोणी विचारले असते तर बरं झालं असतं. उत्तर आलं इंडियन सिल्व्हरबिल, म्हणजे चंदेरी चोचीची साधी मुनिया. दुसऱ्याच्या सोडलेल्या घरट्यात राहायची तिची खोडच आहे. सुगरण जाते, ही भाडेकरू येते, तेही भाडं न देता.

मी तो स्क्रीन बघत बाभळीखाली बराच वेळ उभा होतो. पाठ मातकट, पोट पांढरट. आमच्या ओसरीपासून चार किलोमीटरवरही सापडेल असा पक्षी, आणि तो आम्हाला सिंगापूर म्हणून विकला होता.

त्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा फोटो आजीला दाखवला. तिने चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला.

"हीच," ती म्हणाली.

"कशावरून गं? रंग तर सगळा वेगळा होता."

"शेपटी. बाकीचं अंग रंगवलं होतं मेल्याने, शेपटी काळीच होती चौघींची. तू रंगाकडे बघत होतास."

मी विचारलं, दार उघडं ठेवलंस तेव्हा त्या गेल्या कुठे? ती म्हणाली, आधी बराच वेळ गेल्याच नाहीत. दारात बसून राहिल्या. मग पलीकडच्या बाभळीवर कोणीतरी ओरडलं, त्यांच्यासारखंच, तशा या दोघी उडाल्या. चहा उतू गेला म्हणून ती आत धावली, आणि बाहेर आली तेव्हा बाभळीवर कोणी नव्हतं.

पुढचा भाग पंधरा दिवसांनी. तोवर तुमच्या भागातल्या मुनियांचे फोटो पाठवलेत तर बघीन, फक्त सोबत महिना आणि गावाचं नाव लिहा. घरट्याचे फोटो नकोत.